पबचा निळा कागद आणि आपली हरकत

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या गावातल्या पबच्या भिंतीवर एक निळा कागद लागला. फिकट निळा, ए-फोर आकाराचा, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. शुक्रवारी आणि शनिवारी दारूविक्रीची वेळ रात्री अकराऐवजी एकपर्यंत वाढवून मिळावी, संगीत साडेबारापर्यंत चालू ठेवता यावं, असा तो अर्ज होता. गाव म्हणजे उत्तर इंग्लंडमधला एक रस्ता, चर्च, प्राथमिक शाळा आणि हा पब. मशीद सात मैलांवरच्या शहरात. माझं मूळ गाव रायगडमधल्या म्हसळा तालुक्यातलं. नोकरीमुळे इथे आलो आणि घर स्वस्त मिळालं म्हणून खेड्यात राहिलो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजींनी फाटकापाशी गाठलं. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, झोपायच्या खोलीची खिडकी पबच्या गाड्या लावण्याच्या जागेवर उघडते. म्हणाल्या, "तू तर हरकत घेणारच ना? तुमच्यात दारू चालत नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तरी मला ते लागलं. माझी झोप, माझी लहान मुलगी, माझा रस्ता यांतलं काहीच त्यांना सुचलं नव्हतं. सुचला तो माझा धर्म.

पण पुढच्या जुम्याला मशिदीत हेच आमच्या बाजूने घडलं. एका तरुणाने मोबाईलवर पत्र लिहून आणलं होतं. दारू सर्व पापांचं मूळ आहे, मुस्लिम म्हणून आमचा या अर्जाला विरोध आहे, खाली साठेक सह्या. त्यातला एकही जण आमच्या गावात राहत नव्हता. मी सही केली नाही. तो मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "भाई, ईमानाची लाज वाटते का?" मी तेव्हा गप्प बसलो. आज सविस्तर उत्तर देतो, कारण तसंच पत्र उद्या तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येणार आहे, मग तुम्ही ब्लॅकबर्नला असा नाहीतर भिवंडीला.

आधी कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी पबची वेळ साधारण अकराला संपायची. वेळेची ही कडक बंधनं पहिल्या महायुद्धातली, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून घातलेली. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती तर 1988 पर्यंत टिकली. नव्या कायद्याने ठरावीक वेळ काढून टाकली आणि प्रत्येक अर्जाचा निर्णय स्थानिक कौन्सिलवर सोपवला. अर्जाची सूचना निळ्या कागदावर जागेबाहेर 28 दिवस लावायची, त्या मुदतीत कोणीही लेखी म्हणणं मांडू शकतो. मात्र ते चारच गोष्टींना धरून असावं लागतं: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांना अपायापासून जपणं. दारू हराम आहे, दारू वाईट आहे, गावाला शोभत नाही, असं लिहिलंत तर ते बाजूला ठेवलं जातं. साठ सह्या असोत की सहाशे.

त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग हा कायदाच दारूवाल्यांचा." मला तसं वाटत नाही. कारण याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते आपल्या लोकांना चांगलं ठाऊक असायला हवं. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं असेल तर त्यालाही याच कायद्याखाली परवाना लागतो. दारूचा थेंब नसला तरी. म्हणजे कबाबचं दुकान, चिकनचं दुकान, पिझ्झाचं दुकान. शहरात ही दुकानं कोण चालवतं ते सांगायला नको. तोच अर्ज, तोच निळा कागद, तीच तीन नगरसेवकांची समिती. तिथे कोणी लिहिलं की आम्हाला हलाल मांस पसंत नाही, तर ते पत्रही त्याच न्यायाने बाजूला ठेवलं जातं. ज्या दाराने आपला दुकानदार वाचतो, त्याच दाराने पबवालाही आत येतो. एकाला दार उघडं आणि दुसऱ्याला बंद असं मागायचं असेल तर तसं उघड म्हणावं.

मशिदीचं उदाहरण तर त्याहून जवळचं. 2016 चा रमजान जूनमध्ये आला होता. इथे त्या दिवसांत सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो, इशाची नमाज अकराच्या सुमाराला, तरावीह संपेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. तेव्हा मी शहरातच राहायचो. नमाज संपली की शंभरेक माणसं एकदम बाहेर यायची, गाड्यांची दारं धडाधड आपटायची, पोरं फुटपाथवर उभी राहून हसायची, कुणीतरी हॉर्न वाजवायचा. समोरच्या घरांतून तक्रारी गेल्या. मशिदीच्या बांधकाम परवानगीत वेळेची अट होती, ती रमजानपुरती शिथिल करून घ्यायची होती. तक्रारींच्या गठ्ठ्यात दोन जातींची पत्रं होती. काहींत सरळ द्वेष: हे लोक इथे नकोत. काहींत मात्र लिहिलं होतं की माझी सकाळी सहाची पाळी असते, माझं बाळ दारांच्या आवाजाने उठतं. पहिल्या पत्रांचा आम्हाला संताप आला. दुसऱ्या पत्रांना उत्तर द्यावं लागलं, कारण ती खरी होती. मग पिवळी जाकिटं घालून स्वयंसेवक उभे केले, गाड्या लांबच्या मैदानावर लावल्या, गप्पा मारणाऱ्यांना आत पिटाळलं. परवानगी मिळाली.

आता सांगा, पबबद्दल साठ सह्यांचं ते पत्र या दोन गठ्ठ्यांपैकी कुठल्या गठ्ठ्यात बसतं? मला वाचताना त्यात पहिल्याचा सूर ऐकू आला, फक्त उलट्या दिशेने.

म्हणजे गप्प बसायचं? अजिबात नाही. मी हरकत घेतली. तीन शुक्रवार रात्री पावणेअकरा ते पावणेबारा वही घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिलो. थंडीने बोटं आखडली होती आणि बायको खिडकीतून हसत होती. दिसलं ते असं: सिगारेट ओढायला येणारे लोक मागच्या अंगणात न जाता आजींच्या खिडकीखाली उभे राहतात. टॅक्सी इंजिन चालू ठेवून दहा-दहा मिनिटं थांबतात. आणि सगळ्यात वाईट आवाज दारुड्यांचा नव्हताच. साडेअकराला पबचा नोकर रिकाम्या बाटल्यांचा क्रेट मोठ्या कचरापेटीत उपडा करतो, तो आवाज. काचेचा डोंगर कोसळावा तसा. वेळ एकपर्यंत गेली की तो आवाज दीडला येणार. हे सगळं तारीख-वेळेसह लिहिलं. धर्माचा उल्लेख एका ओळीतही केला नाही आणि लपवलाही नाही. खाली नाव होतंच. हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जदाराला कळतो, त्यामुळे आजी लिहायला घाबरत होत्या. पबमालकाशी तीस वर्षांची ओळख. मी म्हटलं, माझंही नाव असेल. त्या म्हणाल्या, तुझं काय, तू तर तसाही पीत नाहीस. हसू आलं, पण त्यांनी लिहिलं.

सुनावणीला पबमालक टाय लावून आला होता. त्याचं म्हणणं ऐकून मला थोडं अवघडल्यासारखं झालं, खरं सांगतो. सोमवार ते गुरुवार वीजबिलही निघत नाही, आठवड्याअखेरचे दोन तास मिळाले तर दोन पोरांच्या नोकऱ्या टिकतील, असं तो सांगत होता. खेड्यातला पब बंद पडला की परत उघडत नाही, हेही खरं. आमच्या गावात मयतीनंतरचा चहा तिथेच होतो, पॅरिश कौन्सिलच्या बैठकाही तिथेच. मी त्या बैठकांना जातो आणि चहा पितो. यावरही आमच्यात दुमत आहे. ज्यांना त्या छपराखाली बसणं पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण रस्त्यावरच्या दिव्यांचा निर्णय तिथे होतो आणि मला रस्त्यावर दिवे हवे आहेत.

निर्णय असा झाला: वेळ मध्यरात्रीपर्यंत, त्यानंतर अर्धा तास लोकांना बाहेर पडायला. अकरानंतर सिगारेट फक्त मागच्या अंगणात. बाटल्या रात्री नऊ ते सकाळी नऊ कचरापेटीत टाकायच्या नाहीत. संगीताच्या वेळी दारं-खिडक्या बंद. अटी मोडल्या तर परवान्याचा फेरविचार मागता येतो. आजींना बाटल्यांची अट मिळाली, मालकाला एक तास मिळाला.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा गावाकडचा चुलतभाऊ भडकला. "तू हरामशी तडजोड केलीस." माझं त्याला उत्तर गावाकडचंच होतं. महाराष्ट्रात 2008 च्या आदेशाने गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. या लढाया लढणाऱ्या बाया काय सांगतात ते कधी ऐक. मजुरी घरी येत नाही, नवरा मारतो, शाळेतून येणाऱ्या पोरीला गुत्त्यासमोरून यावं लागतं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, आदिवासी सगळ्या जणी एका रांगेत उभ्या राहू शकतात, कारण मुद्दा अपायाचा आहे. सूरह बकराची 219वी आयतही दारूतला फायदा मान्य करून अपाय त्याहून मोठा आहे, असंच सांगते ना? श्रद्धा आहे म्हणून मी पीत नाही. पण शेजाऱ्याशी बोलताना मला अपायाची भाषा बोलावी लागते, आणि ती माझ्या श्रद्धेला परकी नाही.

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली, ती तो ऐकून गप्प झाला. आमचे मामू प्यायचे. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. "आपल्यात कोणी पीत नाही" हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो. त्या वाक्यापायी मामीला कधी कुणाकडे जाता आलं नाही. दवाखान्यात कावीळ सांगितली. जमातीत बोलायची सोय नव्हती, कारण जमातीत दारू नव्हतीच! ते गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. दुसऱ्यांच्या पबविरुद्ध साठ सह्या एका जुम्यात होतात. मामूंना व्यसनमुक्ती केंद्रात न्यायला दोन माणसं मिळाली नाहीत.

या कायद्यावर माझीही एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे. त्या चार उद्दिष्टांत लोकांचं आरोग्य नाही. स्कॉटलंडच्या 2005 च्या कायद्यात ते पाचवं उद्दिष्ट म्हणून आहे, इंग्लंडमध्ये नाही. आरोग्य विभागाला अर्जावर म्हणणं मांडता येतं, पण यकृत खराब होतं एवढ्यावर ते अडवू शकत नाहीत. त्या मुलाला मी म्हटलं, तुझ्या साठ सह्या इथे वापर. खासदाराला लिही. चर्चचे लोक येतील, डॉक्टर येतील, आमच्या आजीही येतील. त्याने अजून लिहिलेलं नाही.

पण परवा त्याचा फोन आला. त्याच्या चाचांनी शहरात ग्रिलचं दुकान घेतलंय, पहाटे दोनपर्यंतच्या परवान्याचा अर्ज केलाय, दारावर निळा कागद लागलाय आणि समोरच्या फ्लॅटमधून पाच हरकती आल्यात. "भाई, हे लोक मुस्लिमांच्या दुकानाला त्रास देतात. तुम्ही बाजूने लिहा." मी म्हटलं, लिहीन, आधी हरकती पाठव. पाचांतल्या एकीत आपल्या लोकांबद्दल घाण लिहिलेलं आहे. उरलेल्या चौघांनी रात्री दीडला धुराडं, गाड्या आणि कचऱ्याचे डबे यांबद्दल लिहिलंय. मी त्याला विचारलं, चाचा डबे कुठे ठेवतात?

तो म्हणाला, बघून सांगतो.