धार नंतर, पकड आधी

आपल्या कितीतरी घरांत आज एखादा मुलगा, आणि आता एखादी मुलगीही, आय.टी.आय.मध्ये टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स करीत आहे. भोसरी असो, ठाण्याची वागळे इस्टेट असो, कोल्हापूरचे उद्यमनगर असो की नागपूरजवळचे हिंगणा, लेथपुढे उभे राहून संसार चालविणारी माणसे सर्वत्र भेटतात. या मंडळींत टूल कोणते, धार कशी लावावी, फेरे किती ठेवावे याची चर्चा पुष्कळ चालते. जॉब धरायचा कशात आणि कसा, याची मात्र फारशी होत नाही. आमचे म्हणणे असे की, कारागिराची पहिली परीक्षा तेथेच असते. जॉब बिघडला की दोष टूलला दिला जातो. पण पुष्कळदा तो पकडीत असतो. शिवाय टूल मोडले तर टूलच जाते, पकड सुटली तर माणूस जातो. म्हणून आज चक आणि त्याचे जबडे, ज्यांना शॉपमध्ये 'जॉ' म्हणतात, त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम सर्वांच्या ओळखीचे थ्री जॉ चक घेऊ. याच्या पोटात एक चकती असते. तिच्या तोंडावर जिलबीसारखा गोल गोल फिरत गेलेला आटा कापलेला असतो. चावी फिरवली की चकती फिरते आणि तिन्ही जॉ एकदम, सारख्याच अंतराने आत सरकतात. अशा चकाचे पेटंट अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या सायमन फेअरमन याने १८४० साली घेतले. आजही युक्ती तीच आहे. गोल सळई आणि षट्कोनी सळई यात झटकन बसते. चौकोनी सळई बसत नाही, कारण चार बाजूंना तीन जॉ सारखे टेकू शकत नाहीत.

हे चक झटपट आहे, पण अचूक नाही. चांगल्या चकातही जॉब मिलिमीटरच्या काही शतांशाने मध्यापासून सरकलेला असतो. चक झिजले की ही चूक वाढते. म्हणून एक नियम पाठ करावा. जे दोन व्यास एकाच मध्यावर हवेत, ते जॉब न सोडता एकाच धरणीत कापावेत. जॉब काढून उलटा धरला की मध्य हलला, असे समजावे.

जॉ बदलतानाही नियम आहे. प्रत्येक जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि चकाच्या खाचांवरही असतात. आट्याचे टोक पहिल्या खाचेत दिसले की पहिला जॉ घालावा, मग दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर जॉ मध्यावर एकत्र येत नाहीत. एका चकाचे जॉ दुसऱ्या चकात घालू नयेत.

आता फोर जॉ चक. यातील प्रत्येक जॉला स्वतंत्र स्क्रू असतो. त्यामुळे चौकोनी तुकडा, बिडाचे ओबडधोबड कास्टिंग, मध्य सोडून भोक पाडायचा जॉब, सर्व काही यात धरता येते. नवशिके याला घाबरतात, कारण मध्य स्वतः काढावा लागतो. पण त्यात गूढ काही नाही. प्रथम चकाच्या तोंडावरील गोल रेषा पाहून जॉब अंदाजे बसवावा. मग डायल गेज लावून चक हाताने फिरवावे आणि समोरासमोरच्या दोन जॉंवर वाचन घ्यावे. समजा, एका जॉवर ०.४० आले आणि समोरच्यावर ०.१०. फरक ०.३० मि.मी. झाला. जॉब सरकवायचा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.१५. एक जॉ किंचित सैल करावा, समोरचा आवळावा, मग दुसरी जोडी घ्यावी. चार दिवस सराव केला की हे काम काही मिनिटांत होते, आणि मध्य थ्री जॉपेक्षा अचूक मिळतो.

पातळ नळीचा जॉब हा अनेकांना चकवतो. थ्री जॉमध्ये ती जोरात आवळली की तीन ठिकाणी दबते. तशाच दबलेल्या अवस्थेत आपण आतून सुंदर गोल बोअर करतो. सोडली की नळी मूळ आकाराला परतते आणि आपला बोअर तीनकोनी होतो. मशीनवर गोल आणि इन्स्पेक्शनला वाकडा! अशा वेळी सॉफ्ट जॉ वापरावेत. हे कडक न केलेल्या पोलादाचे असतात आणि जॉबच्या मापाने स्वतःच बोअर करून घ्यायचे असतात. मात्र एक रिंग धरून, जॉ आवळलेल्या स्थितीतच ते बोअर करावेत, नाहीतर चकातला ढिलेपणा मापात येतो. बोअर जॉबच्या व्यासाइतकाच हवा. मोठा झाला तर प्रत्येक जॉ फक्त मध्ये टेकतो, लहान झाला तर दोन कडांवर टेकतो. फिनिश कापाआधी पकड थोडी हलकी करणेही उपयोगी पडते. तयार झालेल्या पृष्ठभागावर डाग पडू नये म्हणून कडक जॉखाली ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची पट्टी द्यावी.

स्वतःचे लहान शेड टाकणारे तरुण विचारतात, एकच चक घेण्याची ऐपत असेल तर कोणते घ्यावे? आमचे उत्तर कामावर अवलंबून आहे. दुरुस्तीची, पंपाची, कास्टिंगची कामे असतील तर फोर जॉ घ्यावे, त्यात गोल जॉबही धरता येतो, वेळ मात्र लागतो. गोल सळईचे जॉबवर्क असेल तर थ्री जॉ. एकाच मापाचे शेकडो नग काढायचे असतील तर कोलेट, पण प्रत्येक मापाला वेगळे कोलेट लागते हा खर्च आधी मांडावा. जुने चक घेताना एक ग्राइंड केलेली सळई धरून जॉच्या तोंडाशी कागदाची पट्टी दाबून पाहावी. आवळल्यावरही कागद सहज निघत असेल तर जॉ तोंडाशी झिजले आहेत आणि पकड फक्त आत आहे. असे चक स्वस्तातही महाग पडते.

शेवटी जिवाची गोष्ट. चकात चावी ठेवून मशीन सुरू झाले तर ती गोळीसारखी सुटते. चावीवरून हात काढायचा तो चावी बाहेर काढूनच. चावीला पाइप लावून आवळू नये. जॉ चकाबाहेर फार आले तर जॉ उलटे लावावेत किंवा मोठे चक घ्यावे. जॉब व्यासाच्या तिपटीहून जास्त बाहेर असेल तर टेलस्टॉकचा आधार द्यावा. चकावर लिहिलेल्या फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये, कारण वेग वाढला की जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड ढिली होते. हातमोजे, लांब बाही, ओढणी, मोकळे केस लेथजवळ नकोत. हेडस्टॉकच्या मागे लांब सळई बाहेर आली तर ती वेगात वाकते आणि चाबकासारखी फिरते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये अशा सळईला कुंपण हवे, असे लेथचे नाव घेऊन लिहिले गेले, ते उगाच नाही.

"लवकर उरक" असे वरून सांगितले जाते आणि नवा मुलगा दोन मिनिटे वाचविण्यासाठी जॉब अर्धवट धरतो. ती दोन मिनिटे मालकाची असतात, बोटे मात्र त्याची स्वतःची असतात. वरिष्ठांपुढे "पकड तपासून सुरू करतो" एवढे म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही. घरातील थोरांनीही मुलाला किती मार्क पडले एवढेच विचारू नये. आज जॉब कशात धरलास आणि का, हेही विचारावे. ज्याला त्या 'का'चे उत्तर देता येते तो मशीनचा नोकर राहत नाही, कारागीर होतो.