उसाच्या ट्रॉल्यांसाठीं ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

गळिताचा हंगाम जवळ आला कीं ऊसवाहतुकीसाठीं ट्रॅक्टर घेण्याची बोलणीं गांवोगांव सुरू होतात, आणि तीं बहुधा अश्वशक्तीच्या आंकड्याभोंवतींच फिरतात. आमच्या मतें ही निवड उलट बाजूनें व्हावी. ५० अश्वशक्तीचें यंत्र सपाट रस्त्यावर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढून नेतें, यांत संशय नाहीं. पण तें स्वतः सुमारें २ टनांचें. त्याचे ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना. आणि अनेक ट्रॉल्यांना तर ब्रेकच नाहींत! उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला ढकलूं लागतो व वळणावर त्यास आडवा फिरवितो.

म्हणून कारखान्याच्या कांट्याची पावती पाहून, रिकाम्या ट्रॉल्यांसह एकूण वजन किती होतें तें आधीं काढावें. सारख्या शक्तीच्या दोन यंत्रांपैकीं जड आणि पुढच्यामागच्या चाकांत अंतर अधिक असलेलें पत्करावें. ट्रॉलीस ब्रेक बसविण्याचा खर्च खरेदींतच धरावा. एका आंसाची ट्रॉली असल्यास तिचा कांहीं भार हुकावर येतो; मग चढावर बैलगाडीप्रमाणें ट्रॅक्टरच उलाळ होतो व सुकाणूं निकामी ठरतें. त्यासाठीं पुढें लोखंडी वजनें लावावीं लागतात.

डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गिअर काढणाऱ्या चालकास कोणतेंच यंत्र पुरें पडणार नाहीं, पण तो विषय निराळा. विक्रेते शेतांत नांगर जोडून दाखवितात. त्यांस भरलेली ट्रॉली जोडून उतारावर सावकाश थांबवून दाखविण्यास सांगावें.