पक्षीराजनची बाजू

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर पुन्हा एकदा '२.०' लागला. पुण्याहून धाकटा पुतण्या आला होता, जेवणं उशिरा झाली होती, आता जरा आडवं व्हावं म्हटलं तर समोर रजनीकांत! मग कसली झोप. जाहिराती धरून साडेतीन तास बसलो आणि शेवटी पुतण्याशी भांडलो. तो म्हणाला, "काका, रजनीचा पिक्चर आहे हो. डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो."

या एका वाक्यामुळे हा लेख. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण डोकं बाजूला ठेव असं एकाही पोराला सांगितलं नाही. आता पंचाहत्तरीत स्वतःला कुठून सांगू?

मंडळी, आधीच स्पष्ट करतो, मी रजनीचा विरोधक नाही. भक्तच म्हणा. खरं नाव शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातला, जन्म १२ डिसेंबर १९५०. मीही पन्नास सालचाच. तो तिकडे बसमध्ये कंडक्टरकी करत होता तेव्हा मी इकडे सोलापुरात बी.ए. करत होतो. आमच्या होटगीत कित्येक घरांत कानडी बोलतात, सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, त्यामुळे दक्षिणेकडचा हिरो आम्हाला कधी परका वाटला नाही. २०१० साली आलेला 'रोबोट' मी दोनदा पाहिला. त्यात शेवटी कोर्टाच्या हुकुमावरून चिट्टी स्वतःच्या हातानं स्वतःचे भाग सुटे करतो, तिथे माझे डोळे पाणावले होते. (सौ.ला विचारा. ती अजून चिडवते.)

म्हणूनच २९ नोव्हेंबर २०१८ ला दुसरा भाग आला तेव्हा पंधरा दिवसांच्या आत सोलापूर गाठलं. पाचशे कोटींच्या वर खर्च झाल्याचं पेपरात येत होतं. पडद्यावर तो दिसतोही. हजारो मोबाईल साप होऊन सरपटतात, पक्षी होऊन झेपावतात, ते बघताना मी लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बसलो होतो. तक्रार तंत्राबद्दल नाही. तक्रार पात्रांबद्दल आहे.

डॉक्टर वसीकरन घ्या. पहिल्या भागात हा माणूस चुकतो, हट्ट करतो, स्वतःच बनवलेल्या यंत्रावर जळतो. म्हणून तो माणूस वाटतो. दुसऱ्या भागात तो कायम बरोबर. सरकार विचारतं, हा सांगतो. चिट्टीचंही तेच. पहिल्या भागात त्याला स्वतःचं मन फुटतं, तीच तर गंमत होती; इथे त्याला बंदोबस्ताला बोलावलेल्या शिपायासारखं संग्रहालयातून काढून आणतात. नीला नावाची बाई यंत्र, आणि सना म्हणजे फोनवरचा आवाज. एवढ्या अवाढव्य सिनेमात बायकांच्या वाट्याला आलेलं काम एवढंच. बोराच्या मुलाला बापाचं वैर सातबाऱ्यावर चढवून मिळालंय, त्यापलीकडे त्याला काही नाही.

आता पक्षीराजन.

सिनेमा सुरूच होतो तो एक वाकलेला म्हातारा मोबाईलच्या टॉवरवर चढून गळफास घेतो तिथून. नंतर त्याची पूर्वकथा येते. पक्ष्यांवर लेकरांसारखं प्रेम करणारा, त्यांचा अभ्यास करणारा माणूस. मोबाईलच्या लहरींनी पक्षी मरताहेत असं त्याचं म्हणणं. तो अर्ज करतो, हातापाया पडतो, आंदोलन करतो. कोणी ऐकत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत पाखरं पडत जातात. अक्षयकुमारचं काम मला एरवी फारसं आवडत नाही, पण ही पंधरावीस मिनिटं त्यानं जीव ओतलाय. अख्ख्या सिनेमात रक्तामांसाचा माणूस हा एकच.

आणि त्यालाच खलनायक केलाय! मेल्यावर तो राक्षसी पक्षी होऊन माणसं मारतो, म्हणून त्याला संपवायचं. संपवतात तरी कसं? चिट्टीची ती बोटभर पिल्लं, ३.० म्हणे, कबुतरांवर बसून येतात आणि कबुतरांच्याच जिवाची धमकी देऊन त्याला वसीकरनच्या शरीरातून बाहेर काढतात. पक्ष्यांवरच्या मायेचाच फास. थिएटरात पोरं टाळ्या वाजवत होती. मला कसंसंच झालं. आणि शेवटी वसीकरन दवाखान्यात पडल्या पडल्या मंत्र्याला सांगतो की पक्षीराजनचं म्हणणं बरोबर होतं, मोबाईलवर नियंत्रण पाहिजे. अरे, बरोबर होतं तर मारलं कशाला? आणि मारलं तर बरोबर म्हणता कशाला?

इथपर्यंत पुतण्या माझ्या बाजूने होता. पुढच्या मुद्द्यावर बिनसलं.

माझं म्हणणं असं की पक्षीराजनवर खरा अन्याय त्याला खलनायक केल्यानं झालेला नाही. त्याच्या तोंडी खोटं शास्त्र घातल्यानं झालाय. टॉवरच्या लहरींनी चिमण्या मरतात याला आजवर भक्कम पुरावा मिळालेला नाही. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने या प्रश्नासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तीही सावधगिरी म्हणून. आणि २०२० साली देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो मोठा अहवाल निघाला, त्यात चिमणी एकूण देशात टिकून आहे, मोठ्या शहरांतून मात्र घटली आहे, असं आलं. शहरातून का घटली? घरट्याला जागा नाही, पिल्लांना भरवायला किडे नाहीत.

गंमत बघा, सिनेमा यायच्या तोंडावर मोबाईल कंपन्यांच्या संघटनेनं सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती की यात अशास्त्रीय गोष्टी पसरवल्या जाताहेत. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी आणि मोबाईल कंपन्या एका बाजूला! पुतण्या म्हणाला, "बघा काका, तुम्ही कंपन्यांचे वकील झालात." मी म्हटलं, बाबा रे, कंपन्यांना स्वतःचं नाव वाचवायचंय. मला पक्षी वाचलेले हवेत. खोटा आरोपी पकडला की खरा आरोपी मोकळा सुटतो, हे तुला कॉलेजात शिकवलं नाही का?

आणि खरा आरोपी कोण, हे सांगताना मला माझ्याबद्दल सांगावं लागेल.

निवृत्तीनंतर एका शाळेत २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, मला भाषणाला बोलावलं होतं. (हा दिवस २०१० पासून पाळतात, आणि त्यामागचे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) मी पोरांना ठणकावून सांगितलं की मोबाईलच्या टॉवरनं चिमण्या मारल्या. खिडकीतून टॉवर दिसतच होता, बोटही दाखवलं. टाळ्या मिळाल्या. घरी येऊन सौ.ला सगळं रंगवून सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आपल्या चिमण्या माळवद पाडलं तेव्हाच गेल्या की. टॉवर त्यानंतर किती वर्षांनी आला."

आमच्याकडचं माळवद नव्या पिढीला सांगायला हवं. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार. तुळई भिंतीत शिरते तिथे हमखास भोक राहायचं, आणि प्रत्येक भोकात चिमणीचं घर. आई सकाळी सुपात जोंधळे पाखडायची तेव्हा पंधरावीस चिमण्या अंगणात उतरायच्या. वरून काड्या आणि पिसं ताटात पडायची, म्हणून वडील कावायचे. १९९६ साली मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, माळवद पाडलं आणि स्लॅब टाकला. गुळगुळीत, एक भोक नाही. गावात प्रतिष्ठा वाढली. त्याच वर्षी अंगणात फरशी घातली. जोंधळेही आता गिरणीतून पीठ होऊनच येतात. १९९६ मध्ये होटगीत मोबाईल कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. देशात मोबाईल सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

म्हणजे चिमण्या मी घालवल्या आणि बोट टॉवरकडे दाखवलं. त्या शाळेतली ती पोरं आता मोठी झाली असतील. त्यांच्या डोक्यात अजून टॉवरच असणार, आणि तो तिथे मी बसवलाय. म्हणून '२.०' बघताना मला राग येतो तो अर्धा दिग्दर्शक शंकरवर आणि अर्धा स्वतःवर.

पक्षीराजनचं पात्र सालिम अलींवरून बेतलंय असं तेव्हा छापून आलं होतं. दाढी, अंगकाठी जुळते खरी. पण सालिम अलींची गोष्ट कशी सुरू होते? लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका होता, नेहमीची वाटेना, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथून पुढचं सगळं आयुष्य. १९८५ साली आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावात त्या पडलेल्या चिमणीला जागा दिली. पहिली चिमणी आपल्याच हातून पडली, हे त्यांनी लपवलं नाही. सिनेमातल्या पक्षीराजनचे हात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ, पाप सगळं दुसऱ्यांचं.

आणि फास कशाला घ्यायचा? अर्ज-विनंत्यांनी काही होत नाही, हे पोरांच्या मनावर बिंबवायचं का? आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. तिथल्या माळावरच्या माळढोकाकडे बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या पक्षिप्रेमींनी जगाचं लक्ष वेधलं, आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. कोणी टॉवरवर चढलं नव्हतं. मारुती चितमपल्लीही सोलापूरचेच. उभं आयुष्य वनखात्याच्या नोकरीत आणि रानात काढलं, 'पक्षिकोश' लिहिला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच गेले. असा पक्षीराजन घरात असताना आमची पोरं अक्षयकुमारचा मुखवटा घालून फिरतात.

पण म्हणून माळढोक वाचला का? नाही. तेही सरळ सांगितलं पाहिजे. अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं झालं. त्यात शेतं आली, गावं आली. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली. माझ्या सासुरवाडीच्या माणसांना मी त्या पक्ष्याला शिव्या घालताना ऐकलंय, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो, कारण त्यांचंही खोटं नव्हतं. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर माळ नांगरले गेले होते, ऊस आला होता, द्राक्षं आली होती. वर्षाला एकच अंडं घालणारा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, त्याला मोकळं गवत लागतं. ते कोणाच्या डोळ्याला ओसाडच दिसतं. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. उरलेले बहुतेक राजस्थानात, देशभरात दीडशेच्या आत. आणि तिकडे त्यांना मारतंय काय? विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घाला म्हणून आदेश दिला, मार्च २०२४ मध्ये तो सौम्य केला, कारण त्या तारांतून सौरऊर्जा जाते आणि तीही हवीच आहे.

म्हणजे लहर नव्हे, तार. आता यावर काढा ना सिनेमा! पाचशे कोटी नकोत. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ वीज, मधे ऊस लावणारा शेतकरी, आणि कोणीच राक्षस नाही. वसीकरनला म्हणावं, काढ यातून वाट. पुतण्या म्हणाला, "असा पिक्चर कोण बघणार?" मी बघेन. रजनी असेल तर दोनदा बघेन.

जाता जाता घरचं. सौ.नं परवा कुंभाराकडून चार छोटी मडकी आणली, बाजूला भोक पाडून घेतली, आणि माझ्याकडून स्लॅबच्या छज्जाखाली तारेनं बांधून घेतली. एकात साळुंकी डोकावून गेली. चिमणी अजून नाही.

पुढच्या रविवारी पहाटे नान्नजला जायचं ठरवतोय. माळढोकाची हमी नाही, काळवीट मात्र नक्की दिसतील. पुतण्याला आणि त्याच्या मुलीला यायलाच लावलंय. सोलापूर-होटगीकडच्या मंडळींपैकी आणखी कोणाला यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, गाडीत दोन जागा आहेत.