राघू कोण, मैना कोण?

'राघू-मैनेची जोडी' हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत, की राघूची बायको ती मैना, असंच पुष्कळजणींना वाटत असतं. पण मैत्रिणींनो, मैना हा पक्षीच वेगळ्या कुळातला. पोपटाची मादी ही पोपटच, आणि बहुतेक जातींत ती दिसतेही नरासारखीच. पंचाईत होते ती इथेच. 'जोडी आहे ताई, बिनघोर न्या,' असं म्हणून दुकानदाराने दिलेले दोन पक्षी आपण हौसेने घरी आणतो, गॅलरीत पिंजरा टांगतो, त्यात मडकंही बांधतो. वर्ष उलटतं, पण पिल्लांचा पत्ता नाही. नाहीतर मडक्यात अंड्यांचा ढीग पडतो आणि एकही फुटत नाही. मग घरात चर्चा सुरू होते आणि बोल हमखास मादीला लागतो, 'हिच्यातच काहीतरी खोट असणार!' हे वाक्य आपल्या कानांना काही नवीन नाही, नाही का?

पुष्कळदा खोट कुणातच नसते. पिंजऱ्यात दोन माद्या असतात, नाहीतर दोन नर. म्हणून पिल्लांची हौस असेल तर मडकं बांधायच्या आधी नर कोण आणि मादी कोण, हे पक्कं करून घ्यावं. ते कसं करायचं, हे आज पाहू.

आधी कायद्याचं बोलू

आपला हिरवा, लाल चोचीचा राघू आणि त्याच्याहून थोराड पहाडी पोपट हे आपल्याच देशातले रानपक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. बाजारात कुणी टोपलीखाली पिल्लं झाकून आणली, तरी दया म्हणूनसुद्धा घेऊ नका. आपण एक घेतलं की तो झाडाच्या ढोलीतून आणखी चार काढून आणतो.

राघूच्या नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला तो नसतो. मात्र हा कंठ उमटायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर सगळे माद्यांसारखेच दिसतात. ही ओळख समोरच्या झाडावरचे पोपट पाहायला वापरा. त्यातही मौज आहे.

घरात पाळता येतात ते परदेशी पोपट. त्यांतही आफ्रिकन करडा पोपट, मकाव अशा काही जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे वनखात्याकडे करावी लागते. त्यामुळे असा पक्षी घेण्यापूर्वी कागदपत्रं पाहून घ्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुख्यतः असतात ते तीन: बजरीगर, कॉकाटिल आणि आफ्रिकन लव्हबर्ड.

बजरीगर: नाकाकडे पाहा

चिमणीहून थोडा मोठा, लांब शेपटीचा, हिरवा, निळा, पिवळा असा नाना रंगांत मिळणारा हा पक्षी. दुकानात याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण हा खरा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. रानात तो हिरवा-पिवळाच असतो, बाकीचे रंग माणसाने पाळून काढलेले. तेव्हा 'निळा तो नर आणि पिवळी ती मादी' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पिसांच्या रंगाचा इथे काही संबंध नाही.

पाहायचं ते नाक. चोचीच्या अगदी वर, जिथे नाकपुड्यांची दोन भोकं असतात, तिथे मेणासारखा गुळगुळीत उंचवटा असतो. वयात आलेल्या नराचं हे नाक चांगलं गडद निळं असतं. मादीचं पांढुरकं, फिकट तपकिरी किंवा बदामी असतं. अंडी घालायचे दिवस आले की ते गडद तपकिरी आणि खरबरीत होतं.

गफलत होते ती लहान पिल्लांत. तीन-चार महिन्यांच्या नराचं नाक निळं नसतंच मुळी. ते एकसारखं गुलाबी-जांभळट असतं. आणि त्याच वयाच्या मादीचं नाक फिकट निळसर असू शकतं! त्यामुळे निळसर दिसलं की 'हा नर' असं ठरवून पुष्कळजणी दोन माद्या घरी घेऊन येतात. यावर उपाय सोपा आहे. नाकपुड्यांच्या भोवती नीट पाहा. फिकट निळ्यात पांढऱ्या कड्या दिसल्या तर ती मादी. कड्या नाहीत आणि सगळं नाक एकाच रंगाचं असेल तर तो नर. हे पाहायचं ते सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे.

पक्ष्याचं वय कपाळावरून कळतं. पिल्लाच्या कपाळावर पार नाकापर्यंत बारीक काळ्या आडव्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांचा झाला, पहिली पिसं गळाली, की त्या मागे हटतात आणि कपाळ स्वच्छ होतं. पुरतं पिवळं किंवा पांढरं शुभ्र पाखरू असेल तर मात्र या रेघा दिसत नाहीत.

दोन अपवाद लक्षात ठेवा. लाल डोळ्यांचे पुरते पिवळे किंवा पुरते पांढरे बजरीगर आणि काही कबऱ्या जातींचे नर यांचं नाक जन्मभर गुलाबी-जांभळटच राहतं, निळं होत नाही. दुसरा अपवाद काळजीचा आहे. इतके दिवस निळं असलेलं नराचं नाक तपकिरी होऊ लागलं, तर तो 'मादी झाला' असं समजून हसण्यावारी नेऊ नका. नराच्या पोटात वृषणाची गाठ झाली तर असा रंग पालटतो. लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

कॉकाटिल आणि लव्हबर्ड

कॉकाटिल म्हणजे डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला. करड्या रंगाच्या कॉकाटिलमध्ये ओळख सोपी आहे. सहा महिन्यांच्या पुढे पिसं बदलली की नराचा चेहरा लख्ख पिवळा होतो. मादीचा चेहरा करडाच राहतो, शेपटीच्या खालच्या बाजूला आडव्या रेघा असतात आणि पंख पसरून खालून पाहिलं तर पिसांवर पिवळसर ठिपके दिसतात. मात्र सहा महिन्यांच्या आत सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. गोड शीळ घालतो तो बहुधा नर, पण नुसत्या शिळेवर भरवसा ठेवू नका.

आफ्रिकन लव्हबर्ड हा आखूड शेपटीचा, जाड चोचीचा पक्षी. बाजारात मिळणाऱ्या याच्या नेहमीच्या जातींत नर आणि मादी डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात. काही जाणकार बोटाने ओटीपोटाची हाडं चाचपतात: दोन हाडांत अंतर जास्त असेल तर मादी, जवळ आणि टोकदार असतील तर नर. पण तरुण पक्ष्यात हे फसतं, आणि सवय नसलेल्या हाताने पाखरू दाबलं जायची भीती. आपण या फंदात न पडलेलं बरं.

अशा पक्ष्यांसाठी खात्रीची वाट म्हणजे डीएनए तपासणी. आता आपल्याकडच्या प्रयोगशाळाही ती करतात. छातीवरची दोन-चार ताजी उपटलेली पिसं किंवा रक्ताचा थेंब पाठवला की उत्तर मिळतं. पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेलं पीस सहसा उपयोगी पडत नाही. पिसाच्या मुळाशी ताजा अंश लागतो. पिसं डॉक्टरांकडूनच काढून घ्या आणि खर्च आधी विचारा.

हे ठोकताळे सोडा

दोऱ्याला अंगठी बांधून पाखराच्या डोक्यावर धरायची आणि ती गोल फिरली तर मादी, सरळ हलली तर नर, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गरोदर बाईच्या पोटावरही हाच खेळ करतात. दोन्ही ठिकाणी तो सारखाच खोटा. 'चावते ती मादी', 'डोकं चपटं ती मादी' हेही तसलंच.

'एकमेकांना भरवतात म्हणजे नवरा-बायको' यात मात्र भल्याभल्या फसतात. नर मादीला चोचीतून भरवतो हे खरं. पण एका पिंजऱ्यात दोनच नर असले तर तेही एकमेकांना भरवतात, मान हलवतात, गाणी म्हणतात. दोन माद्याही खेटून बसतात आणि दोघी अंडी घालतात. म्हणूनच लव्हबर्डच्या घरट्यात एकदम आठ-दहा अंडी दिसली तर हरखून जाऊ नका. एक मादी साधारण चार ते सहा घालते. ढीग म्हणजे बहुधा दोघींचा.

रंगावरून जाणकारांचीही फसगत झाली आहे, बरं का. न्यू गिनीकडच्या इक्लेक्टस पोपटात नर हिरवागार आणि मादी लालभडक. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले शास्त्रज्ञ या नवरा-बायकोला दोन निरनिराळ्या जाती समजत होते!

अंडी फुटली नाहीत तर

अंडं घातल्यावर मादी नीट उबवायला बसली की सहा-सात दिवसांनी, ती दाणे खायला बाहेर आली असता, अंधारात अंड्यामागे छोटी बॅटरी धरा. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलंय. अंडं नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते रिकामं आहे. बजरीगरचं पिल्लू अठराव्या दिवसाच्या आसपास बाहेर येतं.

सगळीच अंडी रिकामी असतील तर पहिल्यांदा नाकं पुन्हा तपासा, दोघी माद्याच नाहीत ना? खरी जोडी असेल तर वय पाहा. बजरीगर वर्षाचा झाल्याशिवाय मडकं देऊ नये. मग पिंजऱ्यातल्या काठीला हात लावून पाहा. काठी डुगडुगत असेल, तर पक्ष्यांचा तोल जातो आणि मीलन नीट होत नाही. तारेने काठी घट्ट बांधली, एवढ्यानेच काही घरांत पुढच्या वेळी पिल्लं होतात. आणि दोष कधी नरातही असतो, हेही ध्यानात असू द्या.

बोल लावायची एवढी घाई असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगा. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या अंशावर ठरतं; आईचा त्यात काही हात नसतो. पक्ष्यांत बरोबर उलट आहे. तिथे पिल्लू नर होणार की मादी, हे आईच्या अंड्यावर ठरतं. म्हणजे 'मुलीच होतात' हा बोल लावायचाच झाला तर तो पोपटिणीला लावता येईल, सुनेला नाही.

रिकामी अंडी दिसली तरी लगेच काढून टाकू नका. अंडी गेली की मादी पुन्हा घालू लागते आणि तिच्या अंगातला चुना संपत जातो. कंटाळून ती आपण होऊन उठेपर्यंत बसू द्या, मग मडकं काढून घ्या. फळलेली अंडी असली तरी वर्षातून दोन खेपा पुष्कळ झाल्या. त्यानंतर तिला विश्रांती हवी. राळं आणि बाजरी यांच्या जोडीला समुद्रफेस पिंजऱ्यात कायम अडकवलेला असावा. कोथिंबीर, मेथी आणि अधूनमधून उकडलेलं अंडंही द्यावं.

मादी कोणती हे ठाऊक असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, कुंथू लागली, शेपटी वरखाली हलू लागली, तर अंडं अडलेलं असू शकतं. 'नर आहे, थंडी वाजत असेल,' असं म्हणून सकाळपर्यंत थांबलात तर पाखरू हातचं जाईल. तिला उबदार जागी ठेवा, पोट अजिबात दाबू नका, तेल घालायचा प्रयोग करू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

निघाल्या दोघी माद्या, तर?

तर काही बिघडलं नाही. दुकानदाराकडे तक्रार करून त्यांची ताटातूट करण्याची गरज नाही. मडकं तेवढं काढून टाका. मडक्यावरूनच माद्यांची जीवघेणी भांडणं होतात. ते नसेल तर दोघी बहुधा गुण्यागोविंदाने राहतात, आणि दोन नर तर दिवसभर गप्पा मारतात. एकीसाठी नर आणायचा विचार असेल, तर दुसरीसाठीही आणा आणि पिंजरे दोन करा. दोन माद्यांत एक नर ठेवू नका.

आणि पिल्लं झालीच, तर ती कुणाच्या घरी जाणार हे मडकं बांधण्यापूर्वी ठरवा. पाच आठवड्यांत ती मडक्याबाहेर येतात. मुलांची हौस आठ दिवसांची असते, पिंजरा साफ करायचं काम मात्र आपल्याच वाट्याला येतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको!