हुलकावणीच्या ठाण्यांचे अवशेष

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, मेंडिप टेकड्यांच्या सर्वोच्च भागी पसरलेल्या ब्लॅक डाउन नावाच्या उजाड माळावर कांस्ययुगातील मृतांवर रचलेली वर्तुळाकार टेकाडे आहेत, आणि त्यांच्याच सान्निध्यात दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने उतरू नयेत म्हणून हारीने घातलेले मातीचे ढीग आहेत. तेथील संरक्षित स्मारकांच्या सरकारी दफ्तरात या दोहोंची नोंद एकाच स्मारकाच्या नावे झाली आहे, ही गोष्ट मला सर्वथा उचित वाटते.

ब्रिस्टल शहरावरचे संकट स्वतःवर ओढून घेण्यासाठी या माळाची योजना झाली होती. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री भस्मसात झाल्यावर एक गोष्ट पुरती स्पष्ट झाली होती: जर्मन विमानांची आघाडीची तुकडी प्रथम आगी लावते आणि मागून येणारा ताफा त्या ज्वाळांच्या रोखाने बाँब टाकतो. मग शहरातील आगी तातडीने विझवून त्याच घटकेस दूरच्या रानात दुसऱ्या आगी पेटवल्या, तर तो ताफा रानावरच रिता होईल, या विचाराने विमानखात्याचे कर्नल जॉन टर्नर यांनी, ज्यांच्याकडे फसव्या विमानतळांचा कारभार आधीपासूनच होता आणि ज्यांच्या हाताखाली शेपर्टनच्या चित्रपट-निर्मितीगृहातील कुशल कारागीर नकली विमाने घडवीत होते, या नव्या अग्निठाण्यांची तजवीज केली. ‘स्टारफिश’ या नावाने ती ओळखली गेली.

त्यांतील कारागिरी विस्मयकारक होती. लोखंडी पात्रातील तेल तापवून पेटवायचे आणि त्यावर ठरावीक अंतराने पाणी सोडायचे, म्हणजे वाफेबरोबर ज्वाळेचा असा लोट उसळे की वरून पाहणाऱ्यास जळते घर कोसळल्याचा भास व्हावा. हे सारे दुरून विजेच्या कळीने चालवणारे वायुदलाचे मोजके शिपाई विटांच्या, काँक्रीटच्या छपराच्या, मातीने झाकलेल्या लहानशा तळघरात बसून दूरध्वनीवरील हुकमाची वाट पाहत. आणि आपली कामगिरी फत्ते झाली याची त्यांना मिळणारी खूण एकच असे, ती म्हणजे आपल्याच परिसरात कोसळणारे बाँब. लढाईत शत्रूचा मारा चुकवण्याची शिकस्त प्रत्येक सैनिक करतो. तो मारा निमंत्रित करण्यासाठी रात्रीमागून रात्र जागणाऱ्या या माणसांचे धैर्य त्याहून निराळ्या जातीचे होते, आणि त्याचे मोल अद्याप पुरते झालेले नाही.

वाचलेल्या शहरात या यशाची खूण कोठून सापडणार? जी घरे पडली नाहीत, जी माणसे त्या रात्री मेली नाहीत, त्यांची नोंद कोणते दफ्तर ठेवणार? म्हणूनच रानातील ती विटांची खोली हा अत्यंत मोलाचा पुरावा आहे. एकट्या इंग्लंडात अशा निरनिराळ्या प्रकारच्या ८३९ हुलकावण्या ६०२ जागी उभारल्याची अधिकृत नोंद आहे; परंतु युद्ध संपताच त्यांतील बहुतेक मोडून, जमीन सपाट करून टाकण्यात आली, आणि आज पाहण्याजोगे अवशेष फारच थोड्या ठिकाणी उरले आहेत.

कोणी म्हणेल, पडक्या कोठड्यांसाठी शेतकऱ्याची जमीन का अडवावी? हा आक्षेप खोटा नाही, आणि प्रत्येक वीट जपावी असा माझा आग्रहही नाही. पण शहराच्या रक्षणासाठी बाँबचा वर्षाव कोणत्या शिवारावर घ्यायचा, हा निर्णय सरकारने अत्यंत गुप्तपणे घेतला होता, आणि तेथे आसपास वस्ती, गुरेढोरे, पिके होती. लोकशाही राज्याने आपल्याच एका प्रजाजनावरचे संकट दुसऱ्याच्या दारी वळवल्याचा हा प्रसंग आहे. युद्धाच्या निकडीत तो समर्थनीय होता असेच मी मानतो, तथापि ज्या गावांनी तो भार वाहिला त्यांचे ऋण मान्य करणे ही त्या समर्थनाचीच दुसरी बाजू होय. तेव्हा जेथे तळघराचे छप्पर अजून शाबूत आहे, तेथे त्याला संरक्षण तर द्यावेच, शिवाय त्या ठाण्याने कोणत्या शहराचे रक्षण केले आणि भोवतालच्या कोणत्या गावांनी त्याची झळ सोसली, हे दोन्ही तेथे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.