भाव कोणी काढला?

गेल्या महिन्यात घरमालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. 'अ‍ॅग्रीमेंट संपतंय. पुढच्या अकरा महिन्यांसाठी ३६ हजार. मार्केट रेट आहे.' सध्या मी आणि माझा मित्र मिळून ३२ हजार देतो. वाकडमधला टू बीएचके, तिसरा मजला. उन्हाळ्यात पाणी टँकरचं, लिफ्ट आठवड्यातून एकदा बंद. वर्षभरात या घरात काही वाढलं असेल तर ती बाथरूमच्या भिंतीवरची ओल.

त्याच रात्री वाटूरला फोन केला तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते हळहळले नाहीत की मालकाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भाव कोणी काढला?"

मी म्हणालो, "मार्केट रेट आहे म्हणे."

"ते कळलं. पण काढला कोणी? कुठं लिहिलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय, डेटा हेच माझं पोट. तरी ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त पैसा जातो तिचा भाव कुठे लिहिलेला असतो हे मला सांगता आलं नाही.

बाबांचा प्रश्न मोंढ्यातला आहे. आमचं सोयाबीन परतूरला नाहीतर जालन्याला जातं. तिथे हर्रास होतो, बोली लागते आणि दिवसाचे तीन आकडे जाहीर होतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, आता तर मोबाईलवरही येतात. मोंढ्यात न्याय मिळतो असं माझं म्हणणं नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि आमचा माल ४,२०० ने गेला. ओलावा सांगून कट्टी झाली ती वेगळीच. पण आपण किती नागवले गेलो ते तरी तिथे आकड्यात कळतं. इतरांना काय मिळालं तेही कळतं. पुण्यातल्या भाडेकरूला तेवढंही कळत नाही.

आता माझा हिशेब. २०१९ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा आम्ही तिघांनी वाकडलाच टू बीएचके घेतला होता, १८ हजाराला. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि वर्क फ्रॉम होम सुरू झालं. आम्ही घर सोडून गावी आलो. नेटवर्क गच्चीवरच यायचं म्हणून मी गच्चीवर बसून कोड लिहायचो. २०२१ मध्ये एजंट स्वतःहून फोन करत होते, 'पंधराला देतो, या.' २०२२ मध्ये ऑफिसं उघडली आणि मी परत आलो तेव्हा तसंच घर २३ ला मिळालं. २०२४ मध्ये २८, २०२५ मध्ये ३२, आणि आता ३६. सात वर्षांत दुप्पट.

हेच बाबांच्या भाषेत सांगतो. २०१९ मध्ये आमचं सोयाबीन ३,८०० ने गेलं होतं. म्हणजे तेव्हाचं महिन्याचं भाडं पावणेपाच क्विंटल सोयाबीन होतं, आताचं साडेआठ क्विंटल आहे. आमच्याकडे चांगल्या पावसाच्या वर्षी एकरी सात-आठ क्विंटल होतं. एका एकराचा अख्खा हंगाम म्हणजे वाकडचा एक महिना.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मालकाचाही खर्च वाढतो. ठीक आहे, तपासू. २०२२ मध्ये भाडं वाढवताना मालकांनी लिहिलं होतं, 'रेपो रेट वाढला, माझा ईएमआय वाढला.' खरंच होतं ते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. मी वाढ मान्य केली. मग २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत तोच दर ६.५ वरून ५.५ वर आला. मी नम्रपणे ती बातमी मालकांना पाठवली. उत्तर आलं, 'भाड्याचा ईएमआयशी काय संबंध? मार्केट रेट असतो.' दर चढला तेव्हा संबंध होता, उतरला तेव्हा तुटला. खर्च हे भाडेवाढीचं कारण नसतं, निमित्त असतं.

मग हा मार्केट रेट बनतो कसा? मालक अ‍ॅप उघडतात, आपल्याच सोसायटीतल्या घरांचे आकडे बघतात. ते आकडे झालेल्या व्यवहारांचे नसतात, मागणीचे असतात. कुणीतरी ३८ मागितलेले असतात, ते घर दोन महिने रिकामं पडलेलं असतं, शेवटी ३१ ला जातं. ३८ सगळ्यांना दिसतात आणि ३१ फक्त तिघांना माहीत असतात: मालक, भाडेकरू, एजंट. एजंटची दलाली म्हणजे एक महिन्याचं भाडं, त्यामुळे भाडं जितकं जास्त तितकं त्याचं भलं. त्यात सोसायटीच्या मालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, 'कुणी ३५ च्या खाली देऊ नका, आपल्याच प्रॉपर्टीची व्हॅल्यू पडते.' मोंढ्यात व्यापाऱ्यांनी असं संगनमत केलं तर शेतकरी हर्रास बंद पाडतात. इथे त्याला मार्केट म्हणतात.

आता मुद्द्याचं. झालेल्या व्यवहारांचे खरे आकडे कुणाकडेच नाहीत असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. ते सरकारकडे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लेखी करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात. हे वाक्य लक्षात ठेवा, कधीतरी कामाला येईल.

म्हणून आपण अंगठे देतो, कॅमेऱ्यासमोर फोटो काढतो आणि नोंदणी करतो. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं, वर महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. जबाबदारी मालकाची असली तरी हा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. बदल्यात सरकारच्या सर्व्हरवर सगळं जमा होतं: इमारत, मजला, क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट, मुदत. असे लाखो करार तिथे पडून आहेत. हेच सरकार घरविक्रीसाठी रेडीरेकनर छापतं, गावनिहाय, विभागनिहाय, कारण त्यावर त्याला मुद्रांक शुल्क वसूल करायचं असतं. भाड्याचा असा तक्ता मात्र छापत नाही. माझ्या पैशाने माझीच माहिती गोळा होते आणि ती माझ्यापासूनच लपून राहते.

माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक विभागाचा भाड्याचा तक्ता दर तिमाहीला जाहीर करा. वन बीएचके, टू बीएचके, किमान, कमाल, सर्वसाधारण. नावं नकोत, फ्लॅट नंबर नकोत. ज्या विभागात करार थोडे असतील तिथे शेजारचा विभाग जोडा, म्हणजे कुणाचं खासगी उघडं पडणार नाही. तांत्रिकदृष्ट्या हे आमच्या टीममधला फ्रेशरही करून देईल. जर्मनीत असा तक्ता असतो, त्याला 'मीटश्पीगेल' म्हणतात. ५० हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना तो २०२२ पासून सक्तीचा आहे. तिथे घरटंचाईच्या भागांत नव्या कराराचं भाडं, काही अपवाद सोडले तर, नेहमीच्या स्थानिक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून वर नेता येत नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सच्या भाडेवाढीला कायद्याची कसलीच मर्यादा नाही. मर्यादेचं पुढे बघू. आधी भाव तर फळ्यावर लिहा.

मालक म्हणतील, पुन्हा भाडे नियंत्रण आणताय का? त्यांची भीती खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली आणि चाळी मोडकळीला आल्या. १९७३ च्या दुरुस्तीने तेव्हाच्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मग नव्याने घर भाड्याने द्यायलाच लोक घाबरू लागले. आर्थिक पाहणी अहवाल २०१७-१८ मधले दोन आकडे बघा. १९६१ मध्ये शहरांतल्या घरांपैकी ५४ टक्के भाड्याची होती, २०११ मध्ये २८ टक्के. आणि एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी. मला ते गोठवणं नकोच आहे. मालकाने घर द्यावं, वेळेवर परत मिळवावं, त्यावर कमवावं. पण उघड्या बाजारात कमवावं. भाव दिसला म्हणून मोंढा बंद पडत नाही. आणि 'भाव बाजार ठरवतो' असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी तर या मागणीवर माझ्याआधी सही करायला हवी. भावाची माहिती एकाच बाजूकडे असेल तर तो बाजार कसला?

सरकारही गप्प बसलंय. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच, आणि वादासाठी वेगळं भाडे प्राधिकरण. पण विषय राज्याचा, आणि महाराष्ट्राने तो अजून स्वीकारलेला नाही.

'एवढा पगार घेता, मग रडता कशाला?' हा प्रश्नही येतो, आणि तो मला मान्य आहे. मी ३६ देऊ शकतो. शिव्या देत देईन, पण देईन. आणि मी दिले की ३६ खरंच मार्केट रेट होतो. माझ्यामागून येणाऱ्याला तोच आकडा दाखवला जातो, आणि त्याचा पगार माझ्याइतका नसतो.

माझ्यामागून माझी धाकटी बहीण येतेय. नर्सिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, पगार २२ हजार. माझ्याकडे ती राहू शकत नाही. सोसायटीचा नियम आहे, बॅचलर फ्लॅटमध्ये मुली नकोत. सख्खी बहीण आहे म्हटलं तर सेक्रेटरी हसले, "सगळे तेच सांगतात." म्हणून गेले दोन रविवार आम्ही तिच्यासाठी कॉट बेसिसवर जागा बघतोय. परवा पाहिलेल्या वन बीएचकेत सहा कॉट होत्या, प्रत्येकी साडेसहा हजार, जेवण वेगळं. म्हणजे त्या वन बीएचकेचे ३९ हजार येतात, माझ्या टू बीएचकेपेक्षा जास्त. करार? "तशी पद्धत नाही." सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्या माझ्या गावच्या पोरांचंही हेच. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे ते फुटामागे सगळ्यात जास्त देतात आणि कागदावर कुठेच नसतात. कलम ५५ ची अंमलबजावणी आधी इथे व्हायला हवी, नाहीतर माझा तक्ताही त्यांना वगळूनच छापला जाईल.

सरकारची वाट बघत मी बसलो नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंना एकेक करून विचारलं. पगार सांगायला लोक लाजत नाहीत. इन्क्रिमेंट, जॉइनिंग बोनस, सगळं बोलतात. भाडं मात्र कुजबुजत सांगतात, आपण फसलोय की काय या भीतीने. अकरा जणांनी सांगितलं. तोच टू बीएचके, तेच क्षेत्रफळ: किमान २६, कमाल ३५, बहुतेक ३० च्या आसपास. नावं काढून ती शीट मालकांना पाठवली आणि लिहिलं, 'सर, हा आपल्या बिल्डिंगचा रेट.' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, '३२ च ठेवू.' एक रुपयाही कमी झाला नाही, पण वाढही झाली नाही. वाद नाही, वकील नाही, अकरा ओळींची एक शीट. नोंदणी विभागाकडे लाखो ओळी आहेत.

तुमच्या बिल्डिंगमध्येही हे करता येईल. आज रात्री समोरच्या दाराची बेल वाजवा आणि विचारा. लाज वाटली तर शेतकऱ्याच्या पोराची आठवण ठेवा. आमच्याकडे 'काय भाव मिळाला?' हा 'जेवलात का?' इतकाच साधा प्रश्न आहे.

बाबांना फोन करून सांगितलं, ३२ वर थांबला. त्यांनी पुढचं विचारलं, "आणि पोरीच्या जागेचा भाव कोण काढणार?"