सोंग आणि ढोंग

‘हिपॉक्राइट’ हा इंग्रजी शब्द आज मराठी बोलण्यातही सहज ऐकू येतो. मनात एक आणि ओठांवर दुसरेच, अशा ढोंगी माणसासाठी तो योजला जातो. ‘हिपॉक्रिसी’ म्हणजे ढोंग, दंभ. शब्द मोठा झोंबणारा आहे. परंतु तो प्रथम वापरात आला, तेव्हा त्यात निंदेचा अंशही नव्हता.

प्राचीन ग्रीक भाषेत ‘हिपोक्रितेस’ म्हणजे नट. ज्या क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला, त्याचा अर्थ ‘उत्तर देणे’ असा होतो, तसाच ‘उलगडून सांगणे’ असाही होतो. नट हा समूहगायकांना उत्तर देणारा, की कथेचे मर्म उलगडून दाखवणारा, याविषयी पंडितांत एकमत नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्समधील अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, डायोनिसस देवाच्या उत्सवात, हे नट मुखवटे चढवून उभे राहत. शोकनाट्यातील साऱ्या भूमिका सामान्यतः तीनच नट करीत आणि ते पुरुषच असत. मुखवटा बदलला की दूताचा राजा होई, राजाची राणी होई. मुखवट्यामागे नट आहे, हे प्रेक्षकांना पुरते ठाऊक असे.

नटाचा हा शब्द पुढे ढोंग्याला चिकटला. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने तो कोणाला लावला आहे, हे पाहण्यासारखे आहे. दान करताना पुढे कर्णा वाजवणारे, लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणारे आणि उपास कळावा म्हणून चेहरा म्लान करून हिंडणारे असे हे लोक आहेत. शेवटच्या उदाहरणात तर चेहऱ्याचाच मुखवटा झाला आहे! लॅटिन आणि फ्रेंच भाषांमधून तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तो हाच अर्थ घेऊन. नट मागेच राहिला.

मराठीने मात्र आपला नट हरवू दिला नाही. नाशिक, पालघरकडील आदिवासी भागात बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांचे मुखवटे चढवून सोंगे नाचवली जातात. तमाशातील सोंगाड्या हा तर लोकांचा लाडका. ‘झोपेचे सोंग’ आपण ओळखतो खरे, पण उघड निंदा करायची झाली तर ‘ढोंग’ हा निराळा शब्द आपल्याजवळ आहे. शिवाय संस्कृतातून आलेला ‘दंभ’ आहे, ज्याला भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी गुणांमध्ये पहिले स्थान मिळाले आहे.

सोंग आणि ढोंग यांतील हा भेद मला फार मोलाचा वाटतो. सोंग पाहणाऱ्याला ठाऊक असते. ढोंग त्याच्यापासून लपवले जाते. तंबाखू खाणारा बाप मुलाला ‘तू खाऊ नकोस, मला सुटत नाही’ असे सांगतो, तेव्हा तो दुबळा ठरेल; दांभिक ठरणार नाही. आपले व्यसन दडवून तोच चारचौघांत व्यसनमुक्तीचे प्रवचन देऊ लागला, तर गोष्ट वेगळी.

व्यवहारात आपण नेमकी येथेच गल्लत करतो. चाळिशीनंतर अक्षरे गिरवू लागलेली एखादी स्त्री बँकेत अंगठा उठवण्याऐवजी सही करते, महिला मंडळाच्या सभेत अडखळत का होईना प्रमाण भाषेत बोलू पाहते. लगेच शेजारीपाजारी म्हणतात, “कसली ही सोंगं!” वास्तविक ती काहीच लपवत नसते. न येणारी गोष्ट यावी म्हणून ती सर्वांसमक्ष करून पाहत असते. आणि त्याच गावात पूरग्रस्तांना दहा घोंगड्या वाटताना आधी छायाचित्रकाराला बोलावणाऱ्या गृहस्थांचे नाव ‘दानशूर’ म्हणून चौकातील फलकावर झळकते.